घरच्या ग्रिलसाठी चाप, सुरमई आणि सुरी: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. महिन्यातून एक-दोनदा घरच्या सहा माणसांसाठी ग्रिल करायचं आहे. सोसायटीची गच्ची परवानगी घेऊन मिळते. पावसाळ्यात गॅसवर बिडाचं ग्रिल पॅन वापरणार. सुरी आणि धार लावायचा दगड मिळून साडेतीन हजारांच्या आत बसवायचं आहे. काही प्रश्न आहेत, जाणकारांनी मदत करावी.

१. व्हिडिओत दाखवतात तो रिबाय (बीफचा बरगडीजवळचा, चरबीची जाळी असलेला काप) वगैरे इथे मिळत नाही. त्याच्या जागी काय घ्यावं?
२. ऑनलाइन पॅकमधली बोकडाची चाप (बरगडीसकट काप) नाक्यावरच्या मटणाच्या दुकानापेक्षा बरीच महाग पडते. त्यात खरंच काही वेगळं असतं का?
३. सुरमईची तुकडी जाळीला चिकटते आणि उलटताना मोडते. चूक कुठे होते?
४. सुऱ्यांचा सहा नगांचा सेट घ्यावा की एकच चांगली सुरी? बाराशे रुपयांत ‘दमास्कस’ (थरांच्या पोलादाची, नक्षीदार पात्याची) लिहिलेली सुरी दिसते, ती खरी असते का?

चापपट्टी_ठाणे

रिबाय इथे का नाही ते आधी. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बैल आणि वळूही आले. शिवाय बीफची आयात देशभर बंद आहे. म्हशीचं मांस मात्र कायदेशीर आहे. दुकानात ‘अंडरकट’ म्हणून मिळतो तो कण्याच्या आतल्या बाजूचा लांबट स्नायू. जनावर चालताना त्याला फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ राहतो. पण रिबायमध्ये दिसते तशी चरबीची जाळी त्यात जवळपास नसते, त्यामुळे जरा जास्त भाजला की कोरडा होतो. घेतलाच तर ४ सेंटिमीटर जाड काप घ्या, वरचा पांढरा पापुद्रा सोलून काढा आणि भाजताना वरून तूप किंवा लोणी लावत राहा.

सहा जणांच्या घरगुती बेतासाठी मात्र माझं मत बोकडाच्या चापेला. कारण भावातच आहे. नाक्यावरच्या बहुतेक दुकानांत हाडासकट मटणाचा भाव एकच असतो, मग रान (मागची मांडी) घ्या, खांदा घ्या की चाप. पॅकमध्ये चाप वेगळी काढून, साफ करून, वेगळ्या दराने विकतात. तुम्ही जादा पैसे देता ते कापणीचे आणि निवडीचे. ती निवड दुकानात उभं राहून फुकट करता येते.

मागायचं कसं, तर “चापेची अख्खी पट्टी द्या, तुकडे करू नका, फक्त कण्याचं हाड बाजूला काढून द्या.” बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. पुढच्या चार-पाच खांद्याखाली जातात, तिथलं मांस थरांचं आणि चिवट, ते रश्श्यासाठी ठेवा. मागच्या आठ बरगड्यांची पट्टी ग्रिलची. कणा निघालेला असला की घरी दोन बरगड्यांमधून सुरी सरळ खाली जाते. दुकानदाराने सत्तुराने एकेक बरगडी तोडली तर दोन गोष्टी बिघडतात. हाडाच्या कपच्या मांसात राहतात, आणि काप जेमतेम दीड सेंटिमीटरचा होतो. इतका पातळ काप बाहेरून रंग येईपर्यंत आतून शिजून कोरडा झालेला असतो. म्हणून दोन बरगड्यांची एक चाप धरा आणि त्यातलं एक हाड काढून टाका. मांस तीनेक सेंटिमीटर जाड मिळतं.

जनावर लहान हवं. लटकवलेला अख्खा बोकड ८ ते १० किलोचा असेल तर चाप मऊ निघते. फिकट गुलाबी मांस, अरुंद बरगड्या, पातळ पांढरी चरबी अशी खूण. गडद लाल मांस आणि रुंद, चपट्या बरगड्या दिसल्या तर जनावर जून आहे. ते रश्श्याला उत्तम, जाळीवर नाही. खच्ची केलेला बोकड मिळाला तर आवर्जून घ्या, त्याला उग्र वास नसतो.

आता सगळ्यात मोठी चूक. सकाळी कापलेलं मटण घरी आणून थेट फ्रीजरमध्ये टाकणं. कापल्यानंतर काही तास स्नायू आखडण्याची क्रिया चालू असते. ती पुरी व्हायच्या आत मांस १० अंशांच्या खाली गेलं तर स्नायू फार आकसतो आणि नंतर काही केलं तरी चिवटच लागतो. बोकड अंगाने लहान, वर चरबीचा थरही पातळ, त्यामुळे त्यात हे लवकर होतं. दुकान उघडल्या उघडल्या न जाता दहा-अकराला जा, तोवर लटकलेल्या मांसाला काही तास मिळालेले असतात. घरी आणल्यावर पट्टी अख्खीच ठेवा, कारण हाडाला धरलेला स्नायू कमी आकसतो. ताटलीवर जाळी, जाळीवर पट्टी, वर सैल झाकण, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २४ ते ३६ तास. खाली जमलेलं पाणी टाकून द्या. एवढ्याने जो फरक पडतो तो कुठल्याही मसाल्याने पडत नाही.

मीठ किलोला १२ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट चहाचे चमचे. आदल्या रात्री लावलं तर आतपर्यंत मुरतं. कच्ची पपई सालासकट वाटून किलोला एक मोठा चमचा, भाजण्याआधी फक्त एक ते दीड तास. रात्रभर ठेवली तर वरचं मांस पिठासारखं होतं आणि जाळीवर गळून पडतं.

भाजताना निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. निखाऱ्यावर दर बाजूला ३ मिनिटं, मग रिकाम्या बाजूला झाकण ठेवून ४ ते ५ मिनिटं. काटेवाला डिजिटल थर्मामीटर हाडाला न टेकवता मध्यभागी खुपसा. ६० अंश दिसले की उतरवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. उतरवल्यावरही आतली उष्णता चढते आणि ६३ वर जाते, तिथे किमान तीन मिनिटं राहायला हवी. थर्मामीटर ही चैन वाटते, पण एक पट्टी कोरडी झाली की तेवढे पैसे गेलेच.

निसणा_डोंबिवली

सुरीचं मी सांगतो. सेट घेऊ नका. सहा नगांतल्या चार सुऱ्या वर्षभर खोक्यातच राहतात, आणि त्या किमतीत सहा पाती बसवायची म्हणून पोलाद हलकं वापरलेलं असतं. ते बहुधा ४२०जे२ जातीचं स्टेनलेस असतं. त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गंज चढत नाही पण धारही टिकत नाही.

तुम्हाला लागते एक २० सेंटिमीटरची शेफ सुरी. अख्ख्या पट्टीचं किंवा रानाचं मांस हाडापासून घरीच सोडवणार असाल तर सोबत १५ सेंटिमीटरची अरुंद बोनिंग सुरी. पोलाद १.४११६ बघा, पात्यावर किंवा माहितीत ते एक्स५०सीआरएमओव्ही१५ असंही लिहितात. अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, कडकपणा साधारण ५५ ते ५७ एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं रॉकवेल माप). व्हिक्टोरिनॉक्सच्या काळ्या मुठीच्या साध्या सुऱ्या याच पोलादाच्या, पत्र्यातून कापून काढलेल्या. घडीव नाहीत म्हणून किंमत कमी. कापण्यात त्याने काही उणं येत नाही. विकत घेण्याआधी तुर्भ्याच्या आयकियात जाऊन वेगवेगळ्या मुठी हातात धरून बघा. अंगठा आणि तर्जनीने पातं मुठीपाशी चिमटीत धरलं की सुरीचा तोल तिथेच यायला हवा. मूठ जड असेल तर तासाभराने मनगट बोलतं.

बाराशेची ‘दमास्कस’ बहुतेक वेळा साधं पातं असतं, वर लेझरने काढलेली नक्षी. ओळखायचं कसं, तर खऱ्या थरांची रेघ पात्याच्या पाठीवरही चालू राहते आणि धारेजवळ मधल्या गाभ्याची वेगळी पट्टी दिसते. नक्षी फक्त दोन्ही बाजूंना असेल आणि पाठ कोरी असेल तर ती छपाई. आणि खरी असली तरी थर शोभेचेच, कापतो तो मधला गाभा.

बजेटचा एक तृतीयांश भाग दगडाला द्या. याबाबत मी आग्रही आहे. ४०० आणि १००० दाण्यांचा (आकडा मोठा तितकी बाजू बारीक) दुहेरी दगड पुरतो. हार्डवेअरच्या दुकानातला करडा कार्बोरंडम दगड स्वस्त असतो, पण त्याची बारीक बाजूसुद्धा भरडच. कोयत्याला चालतो, शेफ सुरीला त्याने दातेरी धार येते.

पद्धत: दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. दर बाजूला १५ अंशांचा कोन. अंशांत डोकं घालू नका. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचला, झाला १५ अंश. मुठीपासून टोकापर्यंत सारख्या दाबाने घासत जा. विरुद्ध बाजूला बोटाचं पेर आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागली पाहिजे, तिला कारागीर ‘बर’ म्हणतात. पूर्ण लांबीभर बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. मध्यभागी बर येते, टोकाशी येत नाही, आणि लोक बाजू बदलून मोकळे होतात. दोन्हीकडे झाल्यावर दाब कमी करत आलटून पालटून पाच, तीन, एक असे हात मारा, आणि शेवटी जुन्या जीनच्या कापडावर पातं मागे ओढून बर काढून टाका. बर राहिली तर सुरी पहिल्या दिवशी टोमॅटो झकास कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी देऊ नका. माणूस कितीही कसबी असला तरी कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. निळसर किंवा तपकिरी डाग दिसला तर ती जागा मऊ पडली, तेवढं घासून काढावं लागतं. विळी, कोयती त्याच्याकडे खुशाल द्या.

आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर कापणं बंद. एका रविवारच्या कापणीत आठवड्याची धार जाते. लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा पाट घ्या.

कमानपाटा_उरण

निसणा दादांच्या दगडाच्या मुद्द्याला पूर्ण सहमत. सुरीबाबत मात्र थोडं वेगळं मत आहे. लोहाराकडून कार्बन पोलादाची सुरी करून घेतली तर त्याच पैशांत दोन होतात. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद साधारण ०.५५ ते ०.६ टक्के कार्बनचं असतं. नीट पाणी दिलेलं असेल तर वर सांगितलेल्या स्टेनलेसपेक्षा लवकर धार घेतं. घेताना पात्याच्या पाठीवर नाही, धारेपाशी जुनी कानस अलगद घासून बघा. कानस घसरत गेली तर पाणी बरोबर बसलंय. लोण्यासारखी चावली तर पातं मऊ आहे, परत करा.

लोहाराला सांगताना जाडी सांगायची. सवयीने तो कोयत्यासारखं ५ मिलिमीटरचं पातं देतो. मांसाचे काप करायला पाठ अडीच मिलिमीटर आणि धारेमागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी. जाड पातं कितीही धारदार असलं तरी मांसात पाचरीसारखं अडकतं.

निसणा_डोंबिवली

कानशीची कसोटी उत्तम सांगितलीत. माझी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत कार्बन पातं रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी लाल ठिपके दिसतात. कोकम, लिंबू लागलं तर काही मिनिटांत काळं पडतं. काळा थर नुकसान करत नाही, लाल गंज पातं खातो. रोज पुसून तेलाचा हात देणारं घर असेल तरच घ्यावी. तेल म्हणाल तर शेंगदाणा, सोयाबीन नको, ते सुकून चिकट होतं. खोबरेल बरं, आणि औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन सर्वांत चांगलं. घरात तीन-चार हात सुरी वापरणारे असतील तर स्टेनलेस.

दिवाळे_बेलापूर

सुरमईचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

आधी भावाचं गणित. तीन किलोची अख्खी सुरमई घेतली तर डोकं, पोटातला भाग, शेपूट, पर जाऊन तुकड्या साधारण सव्वादोन किलो उतरतात, म्हणजे ७५ टक्के उतारा. समजा अख्खी ९०० रुपये किलो आहे. ९०० ला ०.७५ ने भागा, १२०० आले. कापलेल्या तुकड्या किलोला १२०० च्या वर सांगत असतील तर अख्खी घ्या, खाली असतील तर तुकड्या. वर डोक्याचं कालवण सुटतं ते वेगळं. सहा जणांना दर माणशी २०० ग्रॅमची एक तुकडी धरली तर सव्वा किलो पुरे, त्यामुळे दोन घरांनी मिळून एक मासा घेणं सोयीचं. दिवाळ्याच्या बाजारात किंवा ठाण्यात जांभळी नाक्याला कापून देणाऱ्या बायका असतात, त्यांना कापण्याआधीच जाडी सांगा. न सांगता तळणीची तुकडी मिळते, एक सेंटिमीटरची. ती जाळीवर मोडणारच. ग्रिलला बोटाच्या दोन पेरांएवढी नको, एक पेर, म्हणजे अडीच सेंटिमीटर.

कुठली तुकडी हेही सांगा. पोटाकडची तुकडी नालासारखी असते, तिचे दोन पातळ पदर आधी करपतात आणि मधलं मांस कच्चं राहतं. पोटाची पोकळी संपते तिथून शेपटीकडच्या तुकड्या भरीव आणि गोल असतात. ग्रिलला त्याच. पोटाकडच्या तव्यावर तळा, तिथे त्यांची चव जास्त खुलते.

चिकटण्याची कारणं तीन. ओली तुकडी, थंड जाळी, आणि उलटायची घाई. मीठ-हळद लावून वीस मिनिटं ठेवली की पाणी सुटतं, ते कागदाने किंवा सुती फडक्याने टिपून घ्या. आगळ किंवा लिंबू शेवटची दहा मिनिटंच. जास्त वेळ आंबटात राहिली तर वरचं मांस पांढरं, भुसभुशीत होतं आणि जाळीवर सुटून येतं. रवा, तांदळाचं पीठ इथे नको, ते जाळीतून निखाऱ्यावर पडून जळतं आणि कडू धूर लागतो. लाल तिखटही बेताने, राहिलेलं तेलात कालवून शेवटच्या मिनिटाला लावा.

जाळी आधी दहा मिनिटं तापू द्या. तळहात जाळीच्या वर चार बोटं धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर तयार. तेल जाळीला नाही, तुकडीला लावा. ठेवल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. मांसातली प्रथिनं आधी लोखंडाला धरतात आणि खालची बाजू खरपूस झाली की आपोआप सोडतात. उलथन्याने कड उचलून बघा, अडली तर अजून अर्धा मिनिट. दुसरी बाजू अडीच ते तीन मिनिटं. मधल्या काट्यापासून मांस सहज सुटलं की झाली.

ताजेपणात सवलत नको. सुरमई, बांगडा, कुपा या माशांत उन्हात किंवा गाडीत तासन्‌तास राहिल्यावर हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी हे त्याचं लक्षण. बाजारात जाताना बर्फाची पिशवी न्या. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलेला खळगा भरून यायला हवा.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हाची ‘ताजी’ सुरमई बहुतेक बर्फातली किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते. तिकडची बंदी १४ जूनला संपते. त्या दोन महिन्यांत ग्रिलला चाप करा, सुरमई नारळी पौर्णिमेनंतर.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचेही. उताऱ्याचं गणित लिहून ठेवलं. आणखी तीन गोष्टी. जेवणाच्या टेबलावर स्टेक नाइफ घ्यावेत का? गच्ची मिळाली नाही तर बाल्कनीत छोटी शेगडी चालेल का? आणि उरलेल्या मसाला लावलेल्या चापा फ्रीजरमध्ये ठेवता येतील?

निसणा_डोंबिवली

चापेला स्टेक नाइफ लागत नाही, हाडाला धरून खातात. अंडरकटसाठी घ्यायचेच तर दातेरी, स्वस्त. सपाट धारेच्या सुऱ्या स्वच्छ कापतात, पण चिनी मातीच्या प्लेटवर दर घासाला धार मोडते. दात्यांच्या खाचांमधली धार प्लेटला लागतच नाही, म्हणून ती वर्षं टिकते. यात पैसे घालू नका.

चापपट्टी_ठाणे

बाल्कनीत कोळसा नको, आणि काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तर अजिबात नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि राख धरलेले निखारेही तो सोडत राहतात. त्याऐवजी स्वयंपाकघरात गॅसवर बिडाचं पॅन. मध्यम आचेवर आठ मिनिटं तापवा, एका वेळी तीनच चापा ठेवा. जास्त ठेवल्या की पॅन गार पडतं, पाणी सुटतं आणि चापा भाजण्याऐवजी उकडतात.

गच्चीवर एक किलो चापेला सव्वा किलो लाकडी कोळसा लागतो. पावसाळ्यात कोळसा दमट होतो, तो तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आदल्या दिवशी उन्हात किंवा गरम तव्यावर सुकवून घ्या. रॉकेल घालून पेटवू नका, वास मांसात उतरतो. वीस ते पंचवीस मिनिटांनी सगळ्यावर करडी राख आली की जाळी ठेवा.

फ्रीजरचं म्हणाल तर मीठ, आलं-लसूण लावलेल्या चापा महिनाभर चालतात, एकावर एक न ठेवता सपाट पिशवीत. पपई लावलेल्या ठेवू नका. गोठल्यावर तिचं काम थांबतं, पण वितळताना पुन्हा सुरू होतं आणि बाहेर काढाल तेव्हा कडा पिठूळ झालेल्या असतात. भाजायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, पपई दुसऱ्या दिवशी, जाळीवर ठेवण्याच्या तासभर आधी.